निळा-पांढरा राक्षसी तारा, तोही अंधूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातून आकाश पाहणारे अनेक जण आता तारकासूची उघडून एखाद्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्याची (प्रत म्हणजे दिसणाऱ्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक) नोंद वाचतात आणि अडखळतात. नोंदीत ‘निळा-पांढरा राक्षसी’ लिहिलेलं असतं आणि द्विनेत्रीतून दिसतो पांढुरका ठिपका. खालची उत्तरं अशा वाचकांसाठी आहेत. गणितासाठी एक नमुना तारा घेतला आहे. त्याचे आकडे बी८ प्रकारच्या राक्षसी ताऱ्याला शोभतील असे निवडले आहेत, ते आकाशातल्या कुठल्याही ठरावीक ताऱ्याचे नाहीत.

तारा राक्षसी आहे, मग अंधूक कसा?

अंतरामुळे. ‘अंधूक’ हे आपल्या डोळ्यांपर्यंत पोचलेल्या प्रकाशाचं वर्णन, ‘राक्षसी’ हे ताऱ्याच्या स्वतःच्या आकाराचं. पर्वतीवरून पाहताना कात्रजच्या घाटातला ट्रकचा दिवा पायथ्याच्या स्कूटरच्या दिव्यापेक्षा मंद दिसतो, तसंच हे.

कृत्तिकांमधली सर्वांत ठळक तारका अल्सायनी हा खरा निळा-पांढरा राक्षसी तारा आहे, वर्णपट (ताऱ्याच्या प्रकाशाची रंगपट्टी) बी७ थ्री; ही नोंद कशी वाचायची ते पुढे येईल. सुमारे ४४० प्रकाशवर्षांवरून ती २.९ प्रतीची दिसते. हीच तारका चौपट दूर नेली तर प्रकाश सोळा पटींनी घटेल, म्हणजे ३ प्रती, आणि ती ५.९ प्रतीची दिसेल. तारा तोच, फक्त तारकासूचीत तो ‘अंधूक’ गटात जाऊन बसेल.

आपला नमुना तारा ५.८ प्रतीचा, सुमारे १,०२० प्रकाशवर्षांवर. तो ३२.६ प्रकाशवर्षांवर आणून ठेवला तर उणे २ प्रतीचा होईल आणि व्याधालाही मागे टाकेल.

‘निळा-पांढरा’ म्हणजे किती तापमान? आणि मला तो निळा का दिसत नाही?

बी प्रकारच्या ताऱ्यांच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण १०,००० ते ३०,००० केल्विन असतं. बी८ च्या आसपास ते १२,५०० केल्विन धरतात. सूर्य ५,७७२ केल्विनचा. प्रत्येक चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घातात वाढते, त्यामुळे तापमान सव्वादोन पटींहून थोडं कमी असलं तरी असा तारा दर चौरस मीटरमागे सूर्याच्या २२ पट ऊर्जा फेकतो.

१२,५०० केल्विनला सर्वाधिक उत्सर्जन सुमारे २३२ नॅनोमीटरला होतं. हा अतिनील प्रकाश आहे. वातावरणातला ओझोन त्याला जमिनीपर्यंत पोचू देत नाही, आणि पोचला असता तरी डोळ्याला दिसला नसता. आपल्याला दिसतो तो त्या वर्णपटाचा उतरता भाग : निळा थोडा जास्त, लाल थोडा कमी, बेरीज जवळपास पांढरी. शिवाय सहाव्या प्रतीच्या प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी नीट कामच करत नाहीत. रंगाचा अंदाज घ्यायचा असेल तर ६ ते ८ इंची दुर्बिणीतून पाहा आणि लगेच शेजारचा एखादा तांबूस तारा पाहा. तुलना असली की निळसर छटा कळते, एकटा तारा पाहून सहसा नाही.

आंतरजालावरच्या गडद निळ्या ताऱ्यांच्या चित्रांना फार मान देऊ नये. तो रंग संगणकावर चढवलेला असतो.

‘बी८ थ्री’ ही नोंद कशी वाचायची?

अक्षर आणि पुढचा आकडा तापमान सांगतात. बी० सर्वांत उष्ण, बी९ नंतर ए० येतो. त्यानंतरचा रोमन आकडा तेजवर्गाचा : फाइव्ह म्हणजे मुख्य क्रमावरचा, गाभ्यात हायड्रोजन जाळणारा सामान्य तारा, फोर म्हणजे उपराक्षसी, थ्री म्हणजे राक्षसी, टू म्हणजे ठळक राक्षसी, वन म्हणजे महाराक्षसी. मृगातला राजन्य बी८ वन आहे. तापमान आपल्या ताऱ्याच्या घरातलंच, पण आकार आणि तेज यांची तुलनाच नको.

तेजवर्ग ठरतो तो हायड्रोजनच्या बामर रेषांच्या रुंदीवरून. मुख्य क्रमावरच्या ताऱ्याचं वातावरण दाट असतं. तिथे आजूबाजूच्या विद्युतभारित कणांचं क्षेत्र हायड्रोजन अणूंच्या ऊर्जापातळ्या हलवतं आणि रेषा पसरट होते. राक्षसी तारा फुगलेला असतो, पृष्ठभागावर गुरुत्व कमी, दाब कमी, म्हणून रेषा अरुंद. तापमानासाठी ४४७१ अँगस्ट्रॉमची (तरंगलांबीचं एकक, नॅनोमीटरचा दहावा भाग) हेलियमची रेषा आणि ४४८१ ची मॅग्नेशियमची रेषा शेजारी ठेवून पाहतात. तारा जितका थंड, तितकी हेलियमची रेषा मॅग्नेशियमपुढे फिकी पडते. जोडीला ४१२८ आणि ४१३० च्या सिलिकॉनच्या रेषा असतात.

नोंदीच्या शेवटी येणारी बारकी अक्षरं गाळू नका. ‘एन’ म्हणजे वेगाने फिरल्यामुळे फासलेल्या रेषा. ‘ई’ म्हणजे उत्सर्जन रेषा, अर्थात ताऱ्याभोवती वायूची चकती. ‘पी’ म्हणजे रासायनिकदृष्ट्या वेगळा. पारा आणि मँगनीज यांच्या रेषा ठळक असलेला एक गट नेमका बी७ ते बी९ च्या पट्ट्यात सापडतो. उत्तरा भाद्रपदातला अल्फेराट्झ त्याचंच उदाहरण.

एकाच ताऱ्यासाठी दोन सूचींमध्ये ‘बी८ थ्री’ आणि ‘बी९ फाइव्ह’ अशा दोन नोंदी सापडल्या तर दचकू नये. जुन्या, कमी पृथक्करणाच्या (जवळच्या रेषा वेगळ्या न दाखवणाऱ्या) वर्णपटावरून एक-दोन उपप्रकार आणि एक तेजवर्ग इकडे-तिकडे होणं नेहमीचं आहे.

राक्षसी म्हणजे नेमका किती मोठा?

इथे बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. ‘राक्षसी’ म्हटलं की रोहिणीसारखा, सूर्याच्या चाळीसेक पट व्यासाचा तांबडा तारा डोळ्यांसमोर येतो. निळा-पांढरा राक्षसी तारा त्या मानाने आटोपशीर असतो. बी८ च्या आसपास सूर्याच्या ५ ते १० पट त्रिज्या ही नेहमीची मर्यादा. नमुना ताऱ्याची त्रिज्या ६.७ सूर्यत्रिज्या निघते, म्हणजे घनफळ सुमारे ३०० सूर्यांचं. वस्तुमान मात्र ४.७ सूर्यांच्या आसपास. भागाकार केला तर सरासरी घनता पाण्याच्या सुमारे एक पंचेचाळिसांश येते. पृष्ठभागावरचं गुरुत्व सूर्यावरच्या एक दशांशाहून किंचित जास्त. तारकासूचीत ते ‘लॉग जी = ३.४६’ (गुरुत्वाचा लॉगॅरिथम) असं दिसेल, सूर्यासाठी हाच आकडा ४.४४ असतो.

हे आकडे काढायचे कसे? पायऱ्या सांगा.

मोजलेल्या गोष्टी फक्त चार आहेत : दृश्य प्रत ५.८०, पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरल्यामुळे तारा सरकल्यासारखा दिसतो तो कोन) ३.२० मिलिआर्कसेकंद, बी-व्ही रंगांक (निळ्या आणि पिवळसर-हिरव्या गाळणीतल्या प्रतींचा फरक) ०.००, यू-बी रंगांक (अतिनील आणि निळ्या गाळणीतल्या प्रतींचा फरक) उणे ०.३३. बाकी सगळं गणित.

१. अंतर. १,००० ला मिलिआर्कसेकंदांतल्या पराशयाने भागा : १,००० ÷ ३.२ = ३१२.५ पार्सेक. ३.२६ ने गुणलं की प्रकाशवर्षं.

२. मूळ रंग. यू-बी मधून बी-व्ही ची ०.७२ पट वजा करा. इथे बी-व्ही शून्य असल्याने उत्तर उणे ०.३३ च राहतं. जॉन्सन आणि मॉर्गन यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या या राशीला क्यू म्हणतात. तिची गंमत अशी की वाटेतली धूळ दोन्ही रंगांक ठरावीक प्रमाणात बदलते, त्यामुळे वजाबाकीत धुळीचा परिणाम कटून जातो. क्यू ला ०.३३२ ने गुणलं की बी ताऱ्याचा धुळीविना रंगांक मिळतो : उणे ०.११.

३. धूळ. दिसलेला रंगांक ०.००, मूळ उणे ०.११. फरक ०.११ हा लालसरपणा. त्याला ३.१ ने गुणा : ०.३४ प्रत. एवढा प्रकाश धुळीने खाल्ला.

४. निरपेक्ष प्रत, म्हणजे तारा १० पार्सेकवर (३२.६ प्रकाशवर्षांवर) असता तर दिसली असती ती. ५.८० मधून अंतराचा हिशेब ७.४७ (पार्सेकमधल्या अंतराला १० ने भागून लॉगॅरिथम, गुणिले ५) आणि धुळीचे ०.३४ वजा करा : उणे २.०१.

५. अदृश्य प्रकाशाची भर. उणे ०.११ रंगांकाला तापमान १२,५०० केल्विन. या तापमानाची सर्वप्रकाश-दुरुस्ती उणे ०.७३. एकूण उणे २.७४.

६. तेज. सूर्याची हीच प्रत ४.७४. फरक ७.४८. त्याला २.५ ने भागून १० चा घात घ्या : सुमारे ९८० सूर्य.

७. त्रिज्या. तेजाचं वर्गमूळ ३१.३, गुणिले (५,७७२ ÷ १२,५००) चा वर्ग, म्हणजे ०.२१३. उत्तर ६.७.

वस्तुमान मात्र असं थेट मिळत नाही. तापमान आणि तेज हर्ट्झस्प्रंग-रसेल आकृतीवर (याच दोन गोष्टींच्या आलेखावर) मांडायचं आणि कुठल्या वस्तुमानाच्या ताऱ्याचा उत्क्रांतिमार्ग त्या बिंदूतून जातो ते पाहायचं. म्हणून एकट्या ताऱ्याचं ‘वस्तुमान’ हे गणिती प्रतिकृतीने दिलेलं मत असतं. खरं मोजमाप हवं तर जोडतारा हवा, तोही शक्यतो एकमेकांना ग्रहण लावणारा.

धुळीची पायरी गाळली तर काय बिघडतं?

जवळपास सगळंच. एवढ्या दूरच्या ताऱ्याबाबत हौशी निरीक्षकांची सर्वांत नेहमीची चूक हीच असते. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, लाल कमी, खडकवासल्याच्या पाण्यावर मावळतीचा सूर्य तांबडा होतो तसंच. नमुना ताऱ्याचा रंगांक ०.०० आहे तसा वापरला तर तापमान ९,७०० केल्विन येतं, म्हणजे तारा ए० वाटतो. सर्वप्रकाश-दुरुस्ती उणे ०.७३ ऐवजी उणे ०.२१ घेतली जाते. धुळीने खाल्लेली ०.३४ प्रतही परत मिळत नाही. शेवटी तेज ४४५ सूर्य, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि त्रिज्या ७.५, म्हणजे खऱ्यापेक्षा बारा टक्के जास्त. तारा एकाच वेळी थंड, मंद आणि फुगलेला दिसतो, आणि तिन्ही चुका एकमेकींना पटतील अशा असल्यामुळे संशयही येत नाही.

ओळखायची खूण : वर्णपट बी८ म्हणतोय आणि रंगांक ए० म्हणतोय, तर वर्णपटावर विश्वास ठेवा. रेषांची ताकद धुळीने बदलत नाही.

धुळीचा आकडा नकाशावरून घेतला तर चालेल का?

चालेल, नकाशा त्रिमितीय असेल तर. १९९८ चा सर्वपरिचित अवरक्त धूळनकाशा त्या दिशेला आकाशगंगेच्या पार टोकापर्यंतची सगळी धूळ सांगतो. तुमचा तारा ३०० पार्सेकवर असेल तर त्याच्या पलीकडची धूळ त्याच्या माथी मारली जाते, आणि आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ ही चूक कित्येक प्रतींची होऊ शकते. अंतरानुसार धूळ देणारे नकाशे उपलब्ध आहेत, तेच वापरावेत.

गाइयाच्या नोंदीत दोन-तीन वेगळी तापमानं दिसतात. कुठलं घ्यायचं?

गाइया या ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या युरोपीय उपग्रहाच्या, १३ जून २०२२ ला आलेल्या तिसऱ्या माहितीसंचात एकाच ताऱ्याचं तापमान वेगवेगळ्या पद्धतींनी काढलं आहे. सर्वसाधारण पद्धत कमी पृथक्करणाच्या वर्णपटावरून तापमान आणि धूळ एकदमच शोधते. उष्ण ताऱ्यांबाबत तिची पंचाईत होते : ‘उष्ण तारा, जास्त धूळ’ आणि ‘थोडा थंड तारा, कमी धूळ’ हे दोन्ही पर्याय तिला जवळपास सारखे दिसतात. ७,५०० केल्विनच्या वरच्या ताऱ्यांसाठी ‘ईएसपी-एचएस’ नावाची वेगळी प्रक्रिया आहे. बी ताऱ्यासाठी आधी तो रकाना पाहा. तो रिकामा असेल तर प्रकाशित वर्णपटीय अभ्यास शोधा, आणि सर्वसाधारण रकाना सर्वांत शेवटी.

पराशयावर किती विसंबावं?

पराशयातली टक्केवारीची चूक अंतरात तेवढीच उतरते, तेजात दुप्पट. ३.२० ± ०.०८ असेल तर अंतर अडीच टक्क्यांनी आणि तेज पाच टक्क्यांनी अनिश्चित. हे उत्तम समजावं. गाइयाला फार ठळक तारे सोयीचे नसतात, तिसऱ्या प्रतीपेक्षा ठळक असलेल्यांसाठी बहुधा हिप्पार्कोस या आधीच्या उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात केलेल्या मोजणीकडेच जावं लागतं. आपला ५.८ चा तारा या दृष्टीने सोयीचा, अंधूक असण्याचा हा एक फायदा.

‘आरयूडब्ल्यूई’ हा रकाना अवश्य पाहा. आकडा १.४ च्या वर असेल तर एकट्या ताऱ्याचं गणित त्या मोजणीला नीट बसलेलं नाही, आणि बहुतेकदा कारण न दिसणारा जोडीदार असतो. बी ताऱ्यांमध्ये जोडीदार असणं हाच नियम, एकटेपणा अपवाद.

तापमानाच्या चुकीबद्दल एक उपयोगी गोष्ट. तापमान ६०० केल्विनने जास्त धरलं तर तेज सुमारे १२ टक्क्यांनी वाढतं, पण त्रिज्या जेमतेम ४ टक्क्यांनी घटते. सर्वप्रकाश-दुरुस्ती आणि तापमानाचा वर्ग एकमेकांविरुद्ध ओढतात. त्यामुळे त्रिज्येचा आकडा तेजाच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

एवढं गणित कशाला, व्यास थेट मोजता येत नाही?

नमुना ताऱ्याचा कोनीय व्यास ०.२ मिलिआर्कसेकंद आहे. दहा रुपयांचं नाणं २८,००० किलोमीटरवरून दिसेल तेवढा. एकट्या आरशाच्या दुर्बिणीला हे शक्य नाही, त्यासाठी शेकडो मीटर अंतरावरच्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या नाराब्राय इथल्या तीव्रता व्यतिकरणमापकाने ३२ ताऱ्यांचे व्यास मोजले, ते १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. निळ्या ताऱ्यांच्या तापमानाची आजची मोजपट्टी बऱ्याच अंशी त्यावर उभी आहे. पण ते सगळे ठळक तारे होते. सहाव्या प्रतीच्या ताऱ्याला वरचं गणितच.

असा तारा गोल असतो का?

बऱ्याचदा नाही. बी तारे भन्नाट वेगाने फिरतात. विषुववृत्ताजवळ सेकंदाला २०० ते ३०० किलोमीटर हा वेग त्यांच्यात मुळीच दुर्मिळ नाही, तर सूर्याचा सुमारे २ किलोमीटर. मघा तारा (बी८ फोर) साधारण १६ तासांत एक फेरी मारतो आणि त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने मोठी आहे. फुगलेल्या विषुववृत्तावर गुरुत्व कमी, म्हणून तिथे तापमानही काही हजार केल्विनने कमी.

म्हणजे ‘ताऱ्याचं तापमान’ हा आकडा आपण कुठून पाहतो यावरही ठरतो. ध्रुवाकडून पाहिलं तर तारा जास्त उष्ण आणि तेजस्वी वाटतो, बाजूने पाहिलं तर उलट. वर्णपटातून मिळतो तो वेगाचा आपल्या दिशेने येणारा घटक. तो कमी निघाला म्हणून तारा सावकाश फिरतो असं नव्हे, कदाचित आपण त्याच्या डोक्यावरून पाहत असू.

फिरत्या ताऱ्याच्या रेषा फासल्या गेल्या की तेजवर्ग ठरवणंही अवघड होतं. रुंदी दाबामुळे की वेगामुळे? हायड्रोजनच्या रेषांचे दूरवर पसरलेले पंख दाबाचे, तर हेलियम-मॅग्नेशियमसारख्या बारीक रेषांचं पसरणं वेगाचं, असा निवाडा करतात.

आत काय चाललेलं असतं? वय किती?

पाच सूर्यवस्तुमानांच्या ताऱ्यात हायड्रोजनचं हेलियम होतं ते कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्रातून. ही क्रिया तापमानाला अतिशय संवेदनशील असल्यामुळे ऊर्जा अगदी मध्यभागी एकवटते आणि गाभा उकळत्या आमटीसारखा ढवळत राहतो. बाहेरचा थर शांत, ऊर्जा प्रारणानेच पुढे सरकते. सूर्यात नेमकं उलट : गाभा शांत, बाहेरचा थर खदखदता.

अशा ताऱ्याचं गाभ्यातल्या हायड्रोजनवरचं आयुष्य सुमारे १० कोटी वर्षं, तर सूर्याचं १,००० कोटी. इंधन पाचपट, खर्च मात्र सुरुवातीलाच शेकडो पट. नमुना तारा या टप्प्याच्या अगदी शेवटाला आहे. वर्णपटाने ‘राक्षसी’ ठरवलेल्या अनेक बी ताऱ्यांच्या गाभ्यात हायड्रोजन अजून शिल्लक असतो. तेव्हा तेजवर्ग थ्री म्हणजे मुख्य क्रम संपलाच असा अर्थ काढू नये. तो संपल्यावर मात्र तारा फार भराभर थंड होत तांबडा राक्षसी बनतो, इतका भराभर की त्या मधल्या टप्प्यात सापडणारे तारे थोडेच असतात. शेवट श्वेत बटू ताऱ्यात. अतिनवताऱ्यासाठी सुरुवातीचं वस्तुमान सुमारे ८ सूर्यांच्या वर लागतं, ते इथे नाही.

त्याचा प्रकाश बदलतो का?

शक्यता बरीच आहे. बी२ ते बी९ मध्ये मंद स्पंदन करणारे तारे सापडतात. त्यांचे आवर्तकाल साधारण अर्धा ते तीन दिवस आणि प्रकाशातला बदल बहुधा प्रतीच्या काही शतांशांचा किंवा त्याहूनही कमी. पृष्ठभागाखाली जिथे तापमान सुमारे २ लाख केल्विन असतं, तिथे लोखंडाच्या गटातली मूलद्रव्यं प्रारण अडवतात. अडलेली उष्णता साठते, थर फुगतो, मग ती सुटते आणि थर बसतो. झाकण उडवणाऱ्या पातेल्यासारखं. त्याहून उष्ण, बी० ते बी२.५ च्या गटात हेच काही तासांत घडतं, ते बीटा सेफी प्रकारचे.

नोंदीत ‘ई’ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चकती तयार होते, विरते आणि प्रत अनेक महिने-वर्षं हळूहळू बदलते. कृत्तिकांमधली प्लायोनी अशीच आहे.

पुण्यातून असा तारा दिसेल का? काही मोजता येईल का?

शहरातून साध्या डोळ्यांना तिसऱ्या-साडेतिसऱ्या प्रतीपुढचं सहसा काही दिसत नाही, म्हणजे ५.८ चा प्रश्नच नाही. ७×५० किंवा १०×५० द्विनेत्रीतून तो गच्चीवरूनही सापडेल. साध्या डोळ्यांनी पाहायचा तर वेल्हे, भोर, ताम्हिणीच्या बाजूला अमावास्येच्या आसपास जा. सिंहगडावर शहराकडची बाजू उजळलेली असते, दक्षिणेकडे तोंड करा. जून ते सप्टेंबर विसरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त दिवाळीच्या धुराचे दिवस सोडून.

पुणे १८.५ अंश उत्तरेला. १८.५ आणि ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) यांतला फरक ९० मधून वजा केला की ताऱ्याची कमाल उंची कळते. ती ४० अंशांहून कमी असेल तर प्रकाशमापनाचा नाद सोडावा. क्षितिजाजवळ हवा निळा प्रकाश जास्त खाते आणि मोजणी रंगावर अवलंबून राहू लागते.

प्रकाशमापनाला साधा डीएसएलआर पुरतो. १०० ते १३५ मिलिमीटरची लेन्स, आयएसओ ४००, रॉ फाइल (जेपेग नाही, त्यात कॅमेरा आकड्यांशी खेळतो). तारा १० ते १५ पिक्सेल पसरेल इतका फोकस मुद्दाम बिघडवा. आकाशाबरोबर फिरणारी बैठक असेल तर १० सेकंदांच्या २० चौकटी घ्या. एकेका चौकटीत ताऱ्याचा प्रकाश हवेमुळे लुकलुकतो, वीस चौकटींची सरासरी तो घालवते. १४ बिटच्या कॅमेऱ्यात कमाल आकडा १६,३८३ असतो. ताऱ्याचा सर्वांत उजळ पिक्सेल ११,००० च्या खाली ठेवा, नाहीतर तो कापला जाईल आणि तारा कायम अंधूकच मोजला जाईल. हिरवा रंगपट व्ही प्रतीच्या जवळ जातो. तुलनेचा तारा त्याच रंगाचा निवडा : निळ्या ताऱ्याला तांबूस ताऱ्याशी ताडून पाहिलं तर प्रतीच्या दशांशाएवढी चूक सहज होते आणि ती सरासरीने जात नाही.

काळजी घेतली तर ०.०१ ते ०.०२ प्रतीची अचूकता येते. म्हणजे मंद स्पंदन करणारा तारा हातात येईल न येईल अशा सीमेवर. आणखी एक अडचण पुण्याची नव्हे, पृथ्वीची आहे : एकाच जागेवरून फक्त रात्री पाहिलं की एका दिवसाच्या फटी पडतात. १.६ दिवसांचा खरा आवर्तकाल तुमच्या आलेखात २.६७ दिवसांचा किंवा ०.६२ दिवसाचा बनून येऊ शकतो. टेस उपग्रहाची सलग २७ दिवसांची मोजणी ताडून पाहा. त्यात दोन पथ्यं : टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा, त्यामुळे शेजारचा ताराही त्यात मिसळलेला असू शकतो, आणि ५.८ प्रतीला मधले पिक्सेल भरून वाहतात, म्हणून मोजणीचं क्षेत्र त्या उभ्या रेघेसकट घ्या.

घरच्या दुर्बिणीवर वर्णपट घेता येईल?

प्रकाश रंगांत फोडणारी, मिलिमीटरला १०० रेघांची जाळी दुर्बिणीच्या कॅमेऱ्यासमोर बसवली तर बामर रेषा स्पष्ट दिसतात. तारा बी-ए गटातला आहे एवढं ठरतं. राक्षसी की मुख्य क्रमावरचा हे मात्र ठरत नाही. ४४७१ आणि ४४८१ या रेषांत जेमतेम १० अँगस्ट्रॉमचं अंतर, त्या वेगळ्या दिसायला पृथक्करणक्षमता किमान १,००० लागते, जाळी १०० ते २०० देते. त्यासाठी फट असलेला वर्णपटमापक हवा. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवलीला आयुका या पुण्यातल्या खगोलसंशोधन केंद्राची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणीला ५.८ प्रत ही उलट डोकेदुखी, इतका ठळक तारा शोधक क्षणात भरून टाकतो.

अतिनील भागासाठी अवकाशातच जावं लागतं. २८ सप्टेंबर २०१५ ला सुटलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची अतिनील दुर्बीण १३० ते ३०० नॅनोमीटरमध्ये पाहण्यासाठी बनवली होती, तिच्या उभारणीत आयुकाचाही वाटा आहे. तिथेही तोच पेच. डोळ्याला अंधूक दिसणारा निळा तारा अतिनीलमध्ये एवढा प्रखर असू शकतो की शोधकाला इजा होऊ नये म्हणून असे तारे असलेली क्षेत्रं टाळावी लागतात. दृश्य प्रत पाहून ‘अंधूक आहे, चालेल’ असं तिथे म्हणता येत नाही.

त्याच्याभोवती राहण्याजोगा ग्रह असेल का?

पृथ्वीइतकी ऊर्जा मिळायला ग्रह सुमारे ३१ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) हवा, म्हणजे आपल्या नेपच्यूनच्या किंचित पलीकडे. अंतराची अडचण नाही, वेळेची आहे. १० कोटी वर्षांत हा राहण्याजोगा पट्टा बाहेर सरकत जातो आणि मग तारा फुगतो. वर अतिनील प्रारणाचा मारा.

एकाच ताऱ्याची चार नावं सापडतात. गोंधळ कसा टाळायचा?

अशा ताऱ्याला सहसा खास नाव नसतं. एचडी, एचआर, हिप या तारकासूचींमधले क्रमांक आणि गाइयाचा लांबलचक क्रमांक, हे चारही सिम्बाड या आंतरजालावरच्या माहितीकोशात एकत्र मिळतात. शोधताना एचडी क्रमांक वापरा, कारण जुने वर्णपटीय अभ्यास त्याच क्रमांकाने नोंदलेले आहेत. गाइयाचा क्रमांक वापरताना तो कुठल्या संचातला आहे तेही लिहून ठेवा, दोन संचांत एकाच ताऱ्याचा क्रमांक बदललेला असू शकतो. आणि जोडतारा असेल तर प्रत दोघांची मिळून दिली आहे की एकट्या मुख्य ताऱ्याची, हे तपासल्याशिवाय वरच्या सात पायऱ्यांना हात लावू नका. समान तेजाच्या जोडीची एकत्रित प्रत वापरली तर तेज दुप्पट आणि त्रिज्या १.४ पट निघेल, आणि मुख्य क्रमावरचे दोन सामान्य तारे कागदावर एक राक्षसी तारा होऊन बसतील.